श्रावणभाऊंचं तिसरं मीटर

काम बोटभर होतं. खरोखरच बोटभर, कारण बोटच टोचायचं होतं. श्रावणभाऊंच्या लेकीनं, हर्षानं, मुलचेऱ्याहून सुट्टी काढून यायचं, थेंबभर रक्त द्यायचं, चिठ्ठीवर दोन अक्षरं लिहून आणायची आणि मग लग्नाची तारीख धरायची, एवढंच. एवढ्याशा कामाला कुणी अख्खा हिवाळा लावत नाही. श्रावणभाऊंनी लावला, आणि वरून स्वतःची इज्जतही लावली.

ही दोन अक्षरं म्हणजे काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल नावाचा आजार रक्तातून चालत आलेला आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात, आणि मग सांधे असे दुखतात की माणूस लोळण घेतो. तपासणीच्या कागदावर हे सगळं दोन अक्षरांत मावतं. ‘एए’ म्हणजे निर्धास्त. ‘एएस’ म्हणजे आईकडून किंवा बापाकडून एक एस आलेला. असा माणूस धडधाकट असतो, त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही, त्याला म्हणायचं वाहक. आणि ‘एसएस’ म्हणजे दोघांकडूनही एस आलेला, म्हणजे आजार. दोन वाहकांचं लग्न झालं तर लेकरू एसएस निघू शकतं. म्हणून इकडे शहाणी माणसं सोयरिकीला जाताना आधी ही अक्षरं विचारतात, पोहे नंतर.

हर्षा मुलचेऱ्याला बँकेत, आणि अश्वजित तिथेच कृषी सहायक. दोघांचं आपसात ठरलेलं. अश्वजितनं तर तिला पहिल्याच गाठीला सांगितलं होतं, “मी एएस आहे, शाळेतच निघालं होतं. तू तुझं पाहून घे, मंग पुढचं बोलू.” असं बोलणारा पोरगा श्रावणभाऊंना एकदम पसंत पडला.

“पोरगं सरळ आहे,” ते बायकोला, अंजनाबाईंना म्हणाले. “अन् आपल्या घरात तं असं काई नाईच. माया बाप म्हातारपनी धानाचं पोतं उचले. तपासणी म्हनजे निस्ता कागद.”

श्रावणभाऊ ऊर्जानगरात राहणारे, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट इन्चार्ज. त्यांच्या घरानं पत्रिका, मंगळ, गुण हे सगळं छप्पन सालच्या धम्मदीक्षेतच सोडलं, आणि ते ही गोष्ट पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगत. आता त्याच घराच्या दारात दोन इंग्रजी अक्षरं येऊन बसली होती, आणि भाऊंना त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

कॉलनीच्या शिबिरात हर्षाचं बोट टोचलं गेलं. तिथल्या बाईनं रक्ताचा थेंब नळीतल्या औषधी पाण्यात टाकला आणि नळीमागे रेघोट्यांचा कागद धरला. पाणी स्वच्छ राहिलं की रेघा दिसतात. हर्षाचं पाणी गढूळ झालं. रेघा दिसेनात.

“पॉझिटिव्ह आहे,” बाई म्हणाल्या. “आता इलेक्ट्रोफोरेसिस करा लागन. त्याच्याशिवाय एएस हाये का एसएस, ते पक्कं समजत नाई.”

“तुमची नळी खराब आहे,” श्रावणभाऊ म्हणाले.

आता यात भाऊंचा उद्धटपणा नव्हता, बरं का. ती त्यांची आयुष्यभराची सवय होती. कंट्रोल रूममध्ये एखादा आकडा अचानक भलतीकडे गेला की जुना ऑपरेटर घाबरत नाही. तो आधी मीटरवर संशय घेतो. जिथे जीवाशी खेळ असतो तिथे एकाच जागी तीन मीटरं लावलेली असतात. एक बोंबललं तर त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं, दोन बोंबलली तरच वीजनिर्मितीचा संच बंद करायचा. ‘टू आउट ऑफ थ्री’ म्हणतात त्याला. या नियमावर भाऊंची नोकरी निघाली होती आणि एकदा तर त्यांनी अख्खा संच उगाच बंद पडता पडता वाचवला होता. ती हकीकत निवृत्तीच्या समारंभात सांगायची म्हणून त्यांनी राखून ठेवली होती. तेव्हा पोरीच्या बाबतीत एका नळीवर विश्वास ठेवणारा बाप त्यांना बेजबाबदार वाटला असता.

“बाबा, त्या बाईनं जे सांगितलं ते करून टाकू ना,” हर्षा म्हणाली.

“करू. पन पयले दुसरं मीटर.”

दुसरं मीटर म्हणजे शहरातली एक चकचकीत खासगी लॅब. तिथे ‘संपूर्ण आरोग्य पॅकेज’ होतं. कागद आले ते लग्नाच्या याद्यांएवढे लांब. एमसीव्ही, एमसीएच, आरडीडब्ल्यू, टीएलसी, ईएसआर, एसजीपीटी. श्रावणभाऊंचा जीव हरखला. लघुरूपं म्हणजे त्यांची मातृभाषा. कंट्रोल रूममध्ये पूर्ण नावानं कुणालाच हाक मारत नाहीत, पंपालासुद्धा नाही. ते कागद घेऊन ड्यूटीवर गेले आणि तिथे शेजारच्या टेबलावरच्या घनश्यामभाऊंबरोबर एकेक अक्षरसमूह उलगडत बसले.

“एमसीव्ही म्हनजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. नॉर्मल,” श्रावणभाऊ मोबाइलमध्ये पाहून सांगत. “ईएसआर म्हनजे रक्त नळीत उभं ठेवलं तं पेशी किती वेगानं खाली बसते.”

“म्हनजे आपल्या बंधाऱ्यात राख खाली बसते तशी,” घनश्यामभाऊ म्हणाले. ते चिचपल्लीकडचे, शेजारच्याच क्वार्टरात राहणारे, आणि दुसऱ्याच्या संकटात फार मन लावून पडणारे.

“तसंच समज. तेही नॉर्मल. एसजीपीटी म्हनजे लिव्हरचं. नॉर्मल. पाह्य ना, सगडं हिरवं हाये!”

झालं. एक मत गढूळ, एक मत हिरवं. भाऊ खुशीत घरी आले. हर्षानं कागद पाहिले आणि म्हणाली, “बाबा, यात सिकलसेलची तपासणीच नाही.”

“इतक्या गोष्टी पाह्यल्या त्याईनं, त्यात दिसलं नसतं?”

हर्षानं कागदांची घडी करून ते परत दिले. ती बापाला ओळखून होती, कुठे थांबायचं ते तिला कळत होतं.

बाजेवर बसलेल्या रुखमाबाईंनी, म्हणजे भाऊंच्या म्हाताऱ्या आईनं, तेवढ्यात विचारलं, “काय झालं पोरीले?”

“काई नाई माय. मीटर खराब आहे.”

मीटर खराब असेल तर असेल, पण कॉलनीत बातमी चांगली चालू स्थितीत पोचली. समोरच्या कांताबाई बीट घेऊन आल्या. “रोज खाऊ घाला, रक्त धुऊन निघते.” घनश्यामभाऊंच्या बायकोनं, ताराबाईंनी, डाळिंब सांगितलं. कंपनीच्या बसमध्ये एकानं रक्त बदलून घ्यायचा सल्ला दिला, गाडीचं ऑइल बदलतात त्या सहजतेनं. आणि एका सज्जनानं अगदी कळवळून विचारलं की लग्नानंतर पोरीचं आडनाव बदलतं तर रक्तातली अक्षरंही बदलत नाहीत काय. श्रावणभाऊ सगळ्यांचं ऐकत. आतून मात्र ते जळत होते. आयुष्यभर ज्याला लोक आकडे विचारायचे, त्याला लोक आता भाज्या सांगत होते.

अशा वेळी माणूस जे करतो ते त्यांनी केलं. कारण शोधलं, आणि ते बायकोच्या माहेरी शोधलं.

“नळी खरीच असन,” एका दुपारी ते अंजनाबाईंना म्हणाले, “तं ते तुया घरून आलं असन. तुये काका लंगडत ते काऊन लंगडत?”

“बैलबंडीवरून पडले होते म्हनून लंगडत,” अंजनाबाई म्हणाल्या.

“ते सांगाले झालं.”

एवढ्यावर थांबते तर ठीक. पण त्यांनी सिंदेवाहीला साळ्याला फोन लावला आणि घराण्यात कोणाकोणाचे सांधे दुखायचे, याची चौकशी सुरू केली. साळा शिक्षक. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाऊजी, भाचीच्या लग्नात मामा म्हणून उभा राहीन. आरोपी म्हणून नाई राहणार.” आणि फोन ठेवला. अंजनाबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. भाजीत मीठ आहे, पाणी गेलं, दार लावा. भाऊंच्या ते लक्षातसुद्धा यायला दोन-तीन जेवणं गेली.

मग निघाली स्वारी तिसऱ्या मीटरकडे, सरकारी दवाखान्यात. पहिल्या खिडकीनं दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीनं चिठ्ठी मागितली, चिठ्ठी देणारे जेवायला गेले होते. दुसऱ्या खेपेला किट संपलं होतं. तिसऱ्या खेपेला किट होतं, तर तपासणारे इसरूभाऊ ट्रेनिंगला नागपूरला. “मी शिफ्ट इन्चार्ज आहो,” असं भाऊंनी तिथे एकदा सांगून पाहिलं. खिडकीतली बाई म्हणाली, “मंग तुमाले तं माईत असन साहेब, शिफ्ट बदलल्याशिवाय मानूस येत नाई.”

अखेर एका सकाळी इसरूभाऊ सापडले. बारीक अंगाचा, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस. त्यानं एका पट्टीवर रक्ताचे नमुने लावले, पट्टी डब्यात ठेवली आणि बटण दाबलं.

“हे काय करून राह्यले?” भाऊंनी विचारलं.

“करंट देऊन राह्यलो.”

“रक्ताले?”

“हाव. करंट लागला का हिमोग्लोबिन पट्टीवर सरकते. ए भरकन पुढं जाते, एस मांगं राह्यते. दोन पट्टे दिसले तं एएस, एक पुढचा दिसला तं एए, एक मांगचा दिसला तं एसएस.”

श्रावणभाऊ त्या डब्याकडे पाहतच राहिले. बीट नाही, डाळिंब नाही, गढूळ पाणी नाही. करंट! जन्मभर त्यांनी जो तयार केला तो करंट. हे मीटर खोटं बोलूच शकत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं, आणि नेमके त्याच क्षणी लाईट गेले.

बाहेर माकडानं डीपीवर उडी मारली होती. रांगेतल्या लोकांना ते कुठे माहीत. भाऊंच्या खिशावर वीज केंद्राचं ओळखपत्र लोंबत होतं, आणि अख्ख्या व्हरांड्यानं त्या ओळखपत्राकडे पाहिलं. “तुमीच ना लाईटवाले?” एक म्हातारी म्हणाली. “मंग इथी काऊन बसले, तिकडं जाऊन लावा ना!” भाऊंनी ओळखपत्र खिशात सारलं. आमचं काम वीज बनवायचं, पोचवायचं खातं वेगळं, असं ते पुटपुटले, पण अंधारात असलं कुणी ऐकत नाही.

लाईट आले तेव्हा पट्टी वाया गेली होती. सगळं पहिल्यापासून. आता हर्षाचं रक्त पुन्हा घेणारच होते, तर भाऊंना कल्पना सुचली. कंट्रोल रूममध्ये मीटर खरं की खोटं पाहायचं तर त्याच्या बाजूला एक निर्दोष, खात्रीचं मीटर लावतात, स्टँडर्ड म्हणून.

“असं करा,” ते इसरूभाऊंना म्हणाले. “पोरीच्या बाजूले मायं रक्त लावा, स्टँडर्ड म्हनून. अन् हिच्या आईचंही लावा.” अंजनाबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांच्याकडे न पाहता भाऊ पुढे म्हणाले, “म्हनजे कोनत्या बाजूनं आलं ते एकदाचं समजून जाईन.”

“चांगलंच हाये ना,” इसरूभाऊ म्हणाले. “आमी आई-बापाचं सांगतच असतो. पन कोनी लवकर देत नाई.”

अंजनाबाईंनी हात पुढे केला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

दुपार झाली. पट्टीला रंग दिला, धुतली, उजेडात धरली. इसरूभाऊंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. हर्षाच्या जागी दोन पट्टे होते. एएस. अंजनाबाईंच्या जागी एकच पट्टा, पुढे, ठसठशीत. एए.

आणि मधल्या जागी, स्टँडर्डच्या जागी, दोन पट्टे होते.

“भाऊ, तुमीबी एएस हा,” इसरूभाऊ म्हणाले. “तुमच्याचकडून आलं पोरीले.”

भाऊंनी पट्टी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. वाचायला काहीच नव्हतं, दोन रेघा होत्या आणि त्या कशाही धरल्या तरी दोनच होत्या. मीटर खराब आहे असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण हे मीटर त्यांनीच पास केलं होतं. त्यांनी पट्टी परत दिली आणि “बरं” म्हणाले. अंजनाबाईंनी एखादा टोमणा मारला असता तर भाऊ उभे राहू शकले असते. त्या पदर सावरून उठल्या आणि म्हणाल्या, “बस निघून जाईन.”

पण बस निघून गेलीच, कारण निकाल लागला की समुपदेशनाच्या खोलीत बसावंच लागतं. तिथल्या करिश्मा मॅडम हर्षाच्याच वयाच्या. मुलगाही एएस आहे हे कळल्यावर त्यांनी कागदावर चार चौकोन काढले. “दोघं वाहक असले की प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एक शक्यता, एसएसची.”

श्रावणभाऊंना आकडा मिळाला. त्यांना जरा हुशारी आली. “म्हनजे चौथं लेकरू. मंग तिनावर थांबाचं!”

“तसं नाही काका. पहिलंही असू शकतं. प्रत्येक वेळी नव्यानं चारात एक. म्हणून आम्ही शक्यतो नको म्हणतो. करायचंच असेल तर गरोदरपणी तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी करता येते, पण तेव्हा निर्णयही घ्यावा लागतो. तो सोपा नसतो.” मग त्यांनी सहज विचारलं, “तुमच्या घरात लहानपणी कुणी गेलं होतं का? हातपाय दुखणारं, सारखं आजारी राहणारं?”

“नाई,” भाऊ म्हणाले. आणि मग त्यांना आठवलं. “धाकटा भाऊ होता. तोही इसरूच, या तुमच्या तपासणाऱ्यावानी. थंडी पडली का त्याचे हात-पाय सुजत. रडत राहे. शाळेत नाई गेला कधी.”

चार चौकोनांतल्या एसएसच्या चौकोनावर करिश्मा मॅडमचं पेन थांबलं होतं, एवढंच भाऊंनी पाहिलं.

इसरू गेला ते साल, वडील वारल्यापासून, घरात कुणी काढत नसे. त्या थंडीत रुखमाबाई मासोळ्या धरायला तळ्यावर गेल्या होत्या आणि पोरगं मागे लागलं म्हणून त्याला पाण्यात घेतलं होतं. त्याच रात्री दुखणं सुरू झालं आणि ते पोराला घेऊनच गेलं. भाऊंचे वडील त्यानंतर जगले तेवढी वर्षं एकच वाक्य बोलत आले, “यीनंच मारलं मायं पोरगं.” भांडण कशावरूनही असो, भाजीवरून, बैलावरून, शेवटी इथेच यायचं. आणि श्रावण, मोठा मुलगा, त्यानं ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्यालाही ते खरंच वाटत आलं होतं.

रविवारी अश्वजित मुलचेऱ्याहून आला. निकाल त्याला फोनवर कळलाच होता. श्रावणभाऊंनी ठरवलं होतं, नाही म्हणायचं. सरळ, सभ्य शब्दांत. वाक्यही पाठ केलं होतं. पण हर्षानं आधीच तोंड उघडलं.

“बाबा, आम्ही दोघं त्या मॅडमशी पुन्हा बोललो. तपासणी करू. लेकरू दत्तक घ्यायचं असेल तर तेही पाहू. हे सगळं आम्हाला माहीत असून आम्हाला लग्न करायचं आहे. पण घरच्यांनी मनापासून हो म्हटलं नाही तर मी नाही करणार. दुसऱ्याशीही नाही करणार, ते पण सांगून ठेवते.”

“काय चाललं?” रुखमाबाईंनी बाजेवरून विचारलं. “मले कोनी काई सांगत नाई.”

तेव्हा हर्षाच आजीच्या पायथ्याशी बसली आणि तिनं तिला ती अक्षरं समजावून सांगितली, करिश्मा मॅडमसारखे चार चौकोन न काढता, नुसती बोटांवर. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही वाईट आली तर लेकराला दुखणं. थंडी पडली, पाण्यात भिजलं, ताप आला, की ते उसळतं. पण ते पाण्यानं येत नाही, आजी. ते जन्मतःच असतं.

रुखमाबाईंनी नातीची ती दोन बोटं हातात धरली.

“मंग इसरूले तेच होतं?”

“तेच असंल, माय,” श्रावणभाऊ म्हणाले. “म्याडम तसंच म्हनल्या.”

“एक माया अंगातून, एक त्याईच्या?”

“हाव. दोघायच्याही.”

“अन् मी पान्यात नसतं नेलं त्याले तं?”

“तरी होतंच माय ते. तुले काय माईत होतं? कोनालेच माईत नव्हतं.”

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला नाही. ती ताठ बसली आणि अश्वजितकडे वळली.

“तुमाले माईत आहे दोघायले. आमाले नव्हतं. करा लगन. पन एक कबूल करून घेईन. उद्या लेकरू झालं अन् त्याचे हात-पाय दुखले, तं या पोरीले कोनी बोल लावाचा नाई. पान्यात नेलं म्हनून नाई, थंडीत नेलं म्हनून नाई. कबूल?”

“कबूल, आजी,” अश्वजित म्हणाला.

“अन् तू रे, सरावन?”

“कबूल, माय.”

“मोठ्यानं म्हन. अंजनाले आयकू जाऊ दे.”

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला. श्रावणभाऊ उठून दारापर्यंत गेले. सगळा जन्म आकडे वाचलेला माणूस तो, पण हे वाक्य त्याला काही केल्या नीट वाचता येईना. “अंजना,” ते म्हणाले, “ते मायाकडून होतं. तुया माहेरचं नव्हतं. मी उगाच बोललो. तुया भावालेही मी आजच फोन लावतो.” आणि होणाऱ्या जावयासमोर, पोरीसमोर, त्यांना रडू आलं. इज्जतीचं त्यांना तेव्हा सुचलंच नाही. अंजनाबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले आणि त्यांच्या खांद्यावर ठेवले.

रुखमाबाई बाजेवर तशाच बसून होत्या. त्यांनी अश्वजितला जवळ बोलावलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं.

“म्या नाई मारलं मायं पोरगं,” त्या म्हणाल्या. “हे आयकाले हा मानूस राह्यला पाह्यजे होता.”